इसबगोल : आयबीएसवरील चाचण्या

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे दवाखान्यातल्या बोलीत आयबीएस, या आतड्याच्या कार्यविकारात चोथ्याच्या पूरकाचा गुण येतो का, हे तपासणाऱ्या चाचण्यांविषयीची नोंद. या पूरकांत इसबगोलाची भुशी सर्वांत जास्त तपासली गेली आहे. रत्नागिरीच्या संदर्भात मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण नाचणी, कुळीथ, पालेभाज्या खाणाऱ्या कोकणात ‘चोथा वाढवा’ हा सल्ला सहज दिला जातो आणि कोणता चोथा, हे मात्र बहुधा सांगितले जात नाही.

रोग्याची तक्रार ठरावीक असते : पोट साफ होत नाही, मुरडा येतो, गॅस धरतो, जेवल्याबरोबर जावे लागते. रक्त, मल, दुर्बीण या तपासण्यांत काही सापडत नाही. आयबीएसच्या निदानासाठीच्या २०१६ च्या ‘रोम-४’ निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस पोटदुखी हवी, ती शौच, शौचाच्या वेळांतला बदल आणि मलाच्या स्वरूपातला बदल यांपैकी किमान दोहोंशी निगडित हवी आणि तक्रारीची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची हवी. आपल्याकडे अशा रोग्यांवर ‘जुनी आव’ असा शिक्का बसतो आणि जंतावरची, आवेवरची औषधे वर्षानुवर्षे चालू राहतात. हे थांबले पाहिजे.

इसबगोल हे प्लँटॅगो ओव्हाटा या वनस्पतीचे बी. त्याला थंड, कोरडी हवा लागते. कापणीच्या तोंडावर हलकी सर आली तरी दाणे झडतात. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीच्या दमट किनाऱ्यावर ते पिकत नाही. उत्तर गुजरात व राजस्थान ही त्याची भूमी, तर उंझा व सिद्धपूर ही त्याच्या व्यापाराची गावे. पेलाभर पाण्यात या बियाची चमचाभर भुशी टाकली की दोन-तीन मिनिटांत ती फुगते आणि पाण्याचा बुळबुळीत लगदा होतो. आतड्यात हेच घडते. हा लगदा मोठ्या आतड्यातले जंतू फारसे आंबवू शकत नाहीत, त्यामुळे गॅस कमी होतो आणि धरलेले पाणी शेवटपर्यंत टिकते. म्हणूनच कडक मल मऊ होतो आणि पातळ मलाला बांधणी येते. बद्धकोष्ठ आणि जुलाब या दोन्हींवर एकच वस्तू दिली जाते, यामागचे कारण हेच.

भारतात या विषयावर महत्त्वाचे काम दिल्लीत झाले. १९८७ साली ‘गट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४ रोग्यांना रोज १०, २० व ३० ग्रॅम भुशी देऊन पाहिली गेली. मलाचे वजन जसे वाढले तसा आराम वाढला आणि २० ग्रॅमची मात्रा योग्य ठरली. घरोघरी रात्री घेतला जाणारा एखादा चमचा या मात्रेच्या जवळपासही जात नाही. त्याच वर्षी मँचेस्टरमधल्या ८० रोग्यांच्या चाचणीत इसबगोल घेणाऱ्या ८२ टक्के लोकांना बरे वाटले. पण नकली पूड घेणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांनाही बरे वाटले! एखाद्या औषधाने ‘निम्म्यांना गुण आला’ एवढ्या सांगण्याला आयबीएसमध्ये काही किंमत नाही, ते या आकड्यामुळे. तुलनेचा गट नसेल तर चाचणी फुकट.

नेदरलँड्समध्ये २७५ रोग्यांवर बारा आठवडे चाललेली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीन गट होते : रोज १० ग्रॅम इसबगोल, १० ग्रॅम गव्हाचा कोंडा आणि तुलनेसाठी तांदळाचे पीठ. पहिल्या महिन्यात पुरेसा आराम इसबगोलाच्या ५७ टक्के आणि पिठाच्या ३५ टक्के रोग्यांना मिळाला. तिसऱ्या महिन्यापर्यंत हा फरक कमी झाला, तरी तक्रारींची तीव्रता इसबगोलानेच जास्त उतरवली. कोंड्याच्या गटातले अनेक जण त्रास वाढल्यामुळे लवकर बाहेर पडले. पुढे २०१४ साली १४ चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला : इसबगोलासारख्या विद्राव्य चोथ्याने फायदा, कोंड्याने नाही.

कोकणातल्या ताटाकडे याच नजरेने पाहायला हवे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो, पण त्यातला साडेनऊ ग्रॅम अविद्राव्य. पांढऱ्या तांदळात एकूण चोथा तीन ग्रॅमच्या आत. नाचणी उत्तम धान्य आहे, ती खावीच. पण नाचणीची भाकरी म्हणजे इसबगोल नव्हे आणि पोट फुगलेल्या रोग्याला तिने आराम पडेलच असे नाही.

रत्नागिरीत अशी चाचणी घ्यायची तर पंचांग समोर ठेवावे लागेल. पावसाळ्यात गढूळ पाण्याने होणारे जुलाब, श्रावणातल्या उपवासांचा साबुदाणा, गणपतीतले मोदक आणि मे महिन्यातले आंबे-फणस यांनी आहार इतका बदलतो की गुण भुशीचा की ऋतूचा, हे कळणार नाही. शिवाय लगदा डोळ्यांना दिसतो, म्हणून नकली पूड ओळखू येऊ नये याची व्यवस्था अवघड. २००९ पासून भारतात चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये आधी करावी लागते.

भुशी थोडीथोडी वाढवत न्यावी आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. कोरडी गिळल्यास घशात अडकू शकते. इतर औषधे थोड्या अंतराने घ्यावीत. शौचातून रक्त, घटते वजन, पंडुरोग, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार असेल तर भुशीवर वेळ काढू नये, आधी तपासणी करावी. गिळायला त्रास असणाऱ्यांनी आणि आतड्यात अडथळा असणाऱ्यांनी ती घेऊच नये.