भुईकोटातले बंदी

अहमदनगरचा भुईकोट सपाट माळावर उभा आहे. हुसेन निजामशहाने १५५९ पासून त्याचा दगडी तट बांधून घेतला. भोवती रुंद, खोल खंदक. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी केलेली ही बांधणी पुढे माणसे आत डांबायलाच अधिक उपयोगी पडली.

हा कोट पैशाने जितका उघडला, तितका तोफांनी उघडला नाही. १७५९ मध्ये पेशव्यांनी तो निजामाचा किल्लेदार कवी जंग याला पैसे देऊन घेतला. तीच गत कैद्यांची. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या फौजेतल्या मायकेल फिलोजने नाना फडणवीसांना पुण्यात दगा देऊन पकडले. सुखरूपतेची शपथ त्यानेच वाहिली होती. नाना नगरच्या कोटात पडले आणि १७९८ च्या पावसाळ्यात सुटले ते दहा लाख रुपये कबूल करून. त्याच वर्षी महादजी शिंद्यांच्या विधवांनाही बऱ्हाणपूरचे नाव सांगून इकडेच आणले जात होते. वाटेत मुजफ्फरखान या पठाण सरदाराने त्यांना सोडवले, म्हणून त्या या तटाआड गेल्या नाहीत.

इंग्रजांनी कोट १८०३ मध्ये घेतला. पुढे बोअर युद्धातले कैदी नगरला आले, पहिल्या महायुद्धात जर्मन आले. दुसऱ्या महायुद्धात गिर्यारोहक हाइनरिख हारर काही महिने नगरच्या छावणीत होता. त्याला पळून जाणे साधले ते मात्र १९४४ मध्ये, डेहराडूनहून.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणले गेले. नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव, शंकरराव देव त्यांत होते. आझादांच्या पत्नी एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात वारल्या, तेव्हा ते याच भिंतींआड होते. नेहरू आवारातली मुरमाड जमीन खणून बाग करत. कुदळीला जुन्या भिंती लागत, गाडलेल्या इमारतींचे घुमट लागत. खोल खणणे अधिकाऱ्यांना रुचेना, म्हणून ते थांबले. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ मध्ये इथेच लिहिले गेले.

नगरकरांच्या मनात मात्र या कोटात वावरते ती निजामशाहीसाठी लढलेली चांदबिबी. १५९६ मध्ये मोगलांच्या सुरुंगाने तट फुटला, तेव्हा बुरखा घेऊन, हाती तलवार धरून ती खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा चढवून घेतली. गोळे संपल्यावर तिने सोन्या-चांदीची नाणी तोफेत भरली, अशी कथा आहे. १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारले. किल्ला लगेच मोगलांच्या हाती पडला आणि लहानगा निजामशहा बहादूरशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. शाह डोंगरावरच्या अष्टकोनी इमारतीला लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे.