वाळूतली मोकळीक : पाइनहर्स्ट क्रमांक दोनची वाटचाल

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या सँडहिल्स भागात १८९५ साली पाहण्यासारखे काही नव्हते. टर्पेंटाइनसाठी पाइनची झाडे चिरून झाली होती, उरलेली लाकूडतोडीत गेली होती, आणि मैलोन्मैल उघडी वाळू पडली होती. सोडा फाउंटनची यंत्रे बनवणारे बोस्टनचे उद्योजक जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी तिथे पाच हजारांहून अधिक एकर जमीन अगदी स्वस्तात घेतली. उत्तरेतल्या अशक्त, आजारी माणसांना हिवाळा सुसह्य व्हावा, एवढाच त्यांचा हेतू होता. तिथे वसवलेल्या पाइनहर्स्ट गावाची आखणी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या कार्यालयाने केली. गोल्फ मागाहून आला; पहिले नऊ होल १८९८ मध्ये तयार झाले.

१९०० साली स्कॉटलंडमधल्या डॉर्नॉक गावचे डोनाल्ड रॉस येथे रुजू झाले आणि पाइनहर्स्टला त्याचा खरा शिल्पकार मिळाला. १९०७ मध्ये इथले ‘क्रमांक दोन’ हे गोल्फ मैदान अठरा होलांचे झाले. सँडहिल्सच्या वाळूत पाणी टिकतच नाही. तिथे चेंडू पडला की लांबवर घरंगळतो, आणि कुठे पडला यापेक्षा कुठे जाऊन थांबला याला महत्त्व येते. रॉस यांची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे. हिरवळरक्षक फ्रँक मेपल्स आणि खेचरांच्या साह्याने माती ओढणारे मजूर यांच्या बळावर ते हे मैदान चाळीस वर्षे घडवत राहिले. ग्रीन, म्हणजे खळीभोवतीचे सपाट केलेले भाग, आधी वाळूचेच होते. १९३५ मध्ये त्यांवर गवत आले आणि पुढच्याच वर्षी पीजीए अजिंक्यपद स्पर्धा येथे भरली. रॉस यांचे घर तिसऱ्या होललगत होते. १९४८ साली पाइनहर्स्टमध्येच त्यांचे निधन झाले.

या मैदानावरचे तिसरा आणि तेरावा हे दोन्ही होल चारशे यार्डांच्या आतले, म्हणजे आखूड पार-फोर. चार फटक्यांत चेंडू खळीत जावा, अशी तिथे अपेक्षा असते. लांब होल खेळाडूची ताकद पाहतो. आखूड होल त्याच्यापुढे निवड ठेवतो. जोरदार फटका मारून ग्रीनच्या जवळ जायचे, की मागेच थांबून दुसऱ्या फटक्यासाठी सोयीचा कोन राखायचा? मधे उंच आणि कडांना उतरत्या ग्रीनवर चुकीच्या बाजूने आलेला चेंडू टिकत नाही. म्हणून फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा, रुंद हवा. डावी-उजवी बाजू निवडायला जागाच नसेल, तर आखूड होल नुसता सोपा होऊन बसतो.

नेमकी तीच जागा पुढे आकसत गेली. १९७० मध्ये टफ्ट्स कुटुंबाने मालमत्ता विकली. नव्या मालकांच्या काळात उघड्या वाळूवर बर्म्युडा गवत पसरले आणि फेअरवेच्या दोन्ही अंगांनी रफ, म्हणजे उंच दाट गवत, वाढले. १९८४ मध्ये रॉबर्ट डेडमन यांनी रिसॉर्ट घेतले आणि त्याची विस्कटलेली घडी पुन्हा बसवली. १९९९ आणि २००५ च्या यूएस ओपन स्पर्धा येथे झाल्या, यशस्वीही झाल्या. मैदान मात्र अरुंद आणि हिरवेगार राहिले. आखूड होलवर बहुतेकांचा पहिला फटका एकाच पट्ट्यात पडे. जगन्मान्य झालेल्या मैदानात काहीतरी हरवले आहे, हे पाइनहर्स्टने स्वतःहून मान्य केले, आणि या वाटचालीतला हाच सर्वांत धाडसाचा निर्णय मानावा लागेल.

२०१० मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांच्याकडे काम सोपवण्यात आले. कूर नॉर्थ कॅरोलायनाचेच. तरुणपणी ते या मैदानावर खेळलेले. क्रेनशॉ दोन वेळचे मास्टर्स विजेते. दोघांनी नव्या कल्पना लादल्या नाहीत. १९४३ ची हवाई छायाचित्रे समोर ठेवली. जमिनीत जुनी पाण्याची नळी सापडली. ती फेअरवेच्या मधून जात होती, म्हणून मूळ मध्यरेषा कुठे होती हे तिच्यावरून कळले. सुमारे पस्तीस एकरांवरचे गवत काढले गेले, पाण्याचे फवारे निम्म्याहून कमी झाले, फेअरवे रुंदावले. कडेला वाळू, पाइनची वाळलेली पाने आणि मुळातले वायरग्रास परत आले. रफ नावाची गोष्टच उरली नाही. २०११ मध्ये मैदान पुन्हा खुले झाले.

या सगळ्या स्थित्यंतरांचे साक्षीदार होते कॅडी विली मॅक्रे. १९४३ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी त्यांनी पहिली बॅग खांद्यावर घेतली आणि सत्तरहून अधिक वर्षे या मैदानाची सेवा केली. २०१८ मध्ये ते निवर्तले.

२०१४ मध्ये पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत येथेच झाली. असे पूर्वी कधी घडले नव्हते. मार्टिन कायमर आणि मिशेल वी विजेते ठरले. २०२४ च्या यूएस ओपनच्या अखेरच्या दिवशी ब्रायसन डीशँबो यांनी तेराव्या होलवर थेट ग्रीन गाठण्याचे धाडस केले, चेंडू ग्रीनवर राहिला आणि बर्डी, म्हणजे अपेक्षेपेक्षा एक फटका कमी, मिळाली. अखेर ते एका फटक्याने जिंकले. त्याच वर्षी अमेरिकन गोल्फ संघटनेचे नवे संकुल आणि वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेम पाइनहर्स्टमध्ये सुरू झाले. यूएस ओपन येथे पुन्हा २०२९, २०३५, २०४१ आणि २०४७ मध्ये व्हायची ठरली आहे.