भिवापूरच्या जंगलातला 'जय' आणि टीव्हीवरचा वाघ : वन्यजीव माहितीपट कसे बनतात?

मिरचीसाठी ओळखल्या जाणाऱ्या भिवापूर तालुक्याला लागूनच वाघाचं जंगल आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य नागपूर जिल्ह्यातील उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडाऱ्यातील पवनी या तालुक्यांत पसरलं आहे. २०१२ मध्ये घोषित झालेलं हे छोटं अभयारण्य देशभर गाजलं ते 'जय'मुळे.

'शोले'तल्या पात्राचं नाव मिळालेला हा वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्यातून इथे आला. वाटेत महामार्ग, वैनगंगा, शेतं आणि गावं. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, तरीही एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये शेताच्या विजेच्या कुंपणाचा बळी ठरला. अशी गोष्ट कोणत्याही माहितीपटाला हवीहवीशी, पण तिचा शेवट कॅमेऱ्याला मिळत नाही.

मग पडद्यावर वाघाची सलग कहाणी कशी दिसते? उत्तर आहे संयम आणि संकलन. महिनोन्महिने चित्रण होतं, त्यातली मोजकी मिनिटं वापरली जातात. वेगवेगळ्या दिवशी टिपलेली दृश्यं जोडून एक शिकार उभी राहते. कधी तर एकाच प्राण्याची म्हणून सांगितलेली गोष्ट दोन-तीन प्राण्यांवर चित्रित झालेली असते. पावलांचा, पानांचा आवाज बऱ्याचदा नंतर स्टुडिओत भरतात, कारण लांबच्या लेन्सला चित्र मिळतं, आवाज नाही. याला फसवणूक म्हणणं जरा कठोर होईल, पण प्रेक्षकाला ठाऊक असावं.

रात्रीच्या दृश्यांमागे लष्करी तंत्रज्ञान आहे. उष्णतेवरून प्रतिमा घडवणारे थर्मल कॅमेरे आधी सैन्यासाठी विकसित झाले. बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ २' (२०१६) मालिकेतील शहरांवरच्या भागात मुंबईचे बिबटे असेच अंधारात, दिवे न लावता टिपले गेले.

चित्रणासाठी परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देतात. मोबाईल घेऊन सफारीला जाणाऱ्यांच्या हे गावीही नसतं, आणि त्यांच्यामुळेच खरी पंचाईत होते. २०२४ च्या अखेरीस याच अभयारण्यातील गोठणगाव परिसरात पर्यटकांच्या गाड्यांनी 'एफ-२' वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांचा रस्ता दोन्ही बाजूंनी अडवला. व्हिडिओ व्हायरल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

माहितीपटवाले लांबच्या लेन्सवर पैसे का खर्च करतात, ते इथे कळतं. वाघीण कॅमेऱ्याकडे पाहायला लागली, थबकली किंवा बछड्यांना घेऊन दिशा बदलू लागली की तिच्या नेहमीच्या वागण्यात अडथळा आला. अनुभवी चमू अशा वेळी चित्रण थांबवून मागे सरकतो. सफारीत तेच काम गाईड आणि चालकावर येतं, आणि पुढे न्या म्हणून त्यांच्यामागे लागतो तो बहुतेक वेळा मागच्या सीटवरचा पर्यटकच.