मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगार

हजेरीपटावर नाव असलेला कामगार गैरहजर राहिला, म्हणजे त्याच्या जागी त्या दिवसापुरता जो घेतला जाई, त्यास मुंबईच्या कापडगिरण्यांत ‘बदली’ म्हणत. सकाळी गिरणीच्या दरवाजाशी हजर व्हावे, जागा रिकामी असल्यास काम करावे, नसल्यास रिकाम्या हाताने परतावे, असा त्याचा नित्यक्रम असे.

या पद्धतीचे कारण बहुधा कामगाराच्या गावाकडील ओढीत शोधले जाते. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून आलेला कामगार शेतीच्या हंगामात गावी जात असे, हे खरे. तथापि एवढ्याने उलगडा होत नाही. मालाची मागणी व कापसाचे भाव यांच्या चढउतारानुसार माणसे कमीअधिक करता येणे गिरणीमालकांच्या सोयीचे होते, याकडे राजनारायण चंदावरकर यांनी आपल्या १९९४ च्या ग्रंथात लक्ष वेधले आहे. किंबहुना शहरातील कामाची शाश्वती नव्हती, म्हणूनच गावचे घर व जमीन यांचा आधार सोडणे कामगारास परवडत नव्हते. ज्यास कारण मानले जाते, तो अंशतः परिणामही होता.

बदली म्हणून कोणास घ्यावयाचे, हे दीर्घकाळ जॉबरच्या मर्जीवर अवलंबून असे आणि त्या मर्जीसाठी दस्तुरी मोजावी लागे. कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या अधिकारावर टीका केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची योजना अंमलात आणली. तीनुसार दरमहा ठराविक लोकांना कार्डे देऊन रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या होत्या. यामुळे भरतीस काही शिस्त आली. परंतु रोज हजर राहण्याचे बंधन असलेल्या कार्डधारकास रोजच्या कामाची हमी मात्र मिळाली नाही.

स्वातंत्र्योत्तर कायद्यातही हा भेद उरला. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ले-ऑफच्या काळात निम्म्या वेतनाइतकी भरपाई देऊ केली, पण बदली कामगारास तीतून वगळले. एक वर्षाची सलग सेवा पूर्ण झाल्यास तो कायद्याच्या दृष्टीने बदली राहत नसे. म्हणून कामाचे दिवस किती भरले, हा त्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, ती यामुळेच.

हजेरीपट हे गिरणीच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन होय. तथापि दरवाजावरून परत गेलेल्या माणसाची नोंद त्यात सापडत नाही. धंद्यातील अनिश्चिततेचा भार कोणी वाहिला, याचा शोध घेताना अभ्यासकाने ही उणीव ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.