सारथ्याचा परवाना

आपली मोटार हौसेनें चालविणारा गृहस्थ आणि दुसऱ्याची मोटार पोटासाठीं चालविणारा सारथी ह्या दोघांच्या हातीं चक्र सारखेंच असतें. परंतु आपल्या देशांत कायद्यानें गेल्या ऐशीहून अधिक वर्षें त्यांस एका पंक्तीस बसविलेलें नाहीं. हा पंक्तिभेद कोणत्या पायावर उभा आहे, ह्याचा थोडा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

१९१४ सालीं हिंदुस्थानासाठीं मोटारींचा पहिला सर्वसाधारण कायदा झाला, तेव्हां मोटार ही मुख्यतः श्रीमंतांची चैन होती. पुढील पंचवीस वर्षांत ती उतारूंची व मालाची ने-आण करूं लागली आणि आगगाडीशीं तिची स्पर्धा जुंपली. ह्या नव्या परिस्थितींतून १९३९ चा कायदा आला. पगारी नोकर म्हणून किंवा धंद्याची गाडी हांकावयाची, तर परवान्यावर तसा स्पष्ट उल्लेख पाहिजे, असें त्यानें ठरविलें; अशा गाडीसाठीं वयाची अट १८ ऐवजीं २० वर्षें केली. ह्याच कायद्याचें आणखी एक कलम मात्र आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. धंद्याच्या गाडीवरील सारथ्यास अर्ध्या तासाच्या विसाव्यावांचून ५ तासांहून, दिवसांत ९ तासांहून आणि आठवड्यांत ५४ तासांहून अधिक राबवूं नये, असें बंधन त्यानें मालकावर घातलें.

१९८८ च्या कायद्यानें हा भेद कायम ठेविला. जड गाडीचें शिक्षण घेण्यापूर्वीं हलक्या गाडीचा परवाना निदान एक वर्ष बाळगलेला असावा, ही अट योग्यच होय. परंतु नियमांत आठवी उत्तीर्ण होण्याचीही अट शिरली. मेवातसारख्या भागांत पिढीजात कसब असून शाळा न पाहिलेले शेंकडों हात तिनें अडविले. अखेर २०१९ सालीं ती काढून टाकण्यांत आली.

परवान्यावरील त्या एका शब्दाचा खरा भार पडला तो अपघातांत सांपडलेल्या कुटुंबांवर. सारथ्याजवळ हलक्या गाडीचा परवाना आहे, पण धंद्याचा उल्लेख नाहीं, एवढ्यावरून विमा कंपन्या भरपाईची जबाबदारी नाकारीत. हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांपुढें गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं त्यांनीं निकाल दिला कीं, ७,५०० किलोपेक्षां कमी वजनाच्या धंद्याच्या गाडीसाठीं निराळ्या उल्लेखाची जरूर नाहीं. अशा उल्लेखाच्या अभावीं अपघात वाढल्याचा पुरावा कोणीं पुढें आणला नव्हता, हेंही न्यायालयानें नमूद केलें.

मग हा भेद अजिबात निरर्थक म्हणावयाचा काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. हौशी गृहस्थ डोळ्यांवर झांपड आली, तर गाडी झाडाखालीं उभी करतो. पगारी सारथ्यास वेळेवर माल पोंचवावयाचा असतो. दोघांतील खरें अंतर कसबाचें नसून पराधीनतेचें आहे. १९३९ च्या कायद्यानें तें ओळखलें होतें, आणि १९६१ च्या मोटार-वाहतूक कामगारांच्या कायद्यानें दिवसाचे तास ८ व आठवड्याचे ४८ केले. सारथ्याची परीक्षा आपण कसोशीनें घेतों. त्याला जागें ठेवणाऱ्या मालकाचे तासही तितक्याच कसोशीनें मोजले जातील, तरच त्या परवान्यास पूर्ण अर्थ येईल.