रद्दीवाल्याच्या आधी पोहोचायला हवं

आजच्या भागात किल्ले नाहीत, लढाया नाहीत. आज एक साधा प्रश्न. ज्यांना आयुष्यभर लपून जगावं लागलं, त्यांचा इतिहास जपतं कोण?

१९९० मध्ये चला. मुंबईत अशोक राव कवी आणि त्यांचे सहकारी 'बॉम्बे दोस्त' नावाचं नियतकालिक सुरू करतात. समलिंगी माणसांसाठीच्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या नियतकालिकांपैकी हे एक. त्यात लेख असायचे, एचआयव्हीची माहिती असायची, वाचकांची पत्रं असायची. आज तुम्ही ॲप उघडता आणि आपल्यासारखी माणसं दिसतात. तेव्हा 'मी एकटा नाही' हे कळायला टपालाची वाट बघावी लागायची.

आणि डोक्यावर कलम ३७७ होतंच. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेला कायदा, शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत. मग असा अंक किंवा असं पत्र घरात कोण ठेवणार? वाचायचं आणि फाडून टाकायचं. म्हणजे बघा, भीतीनं माणसं गप्प केलीच, त्यांचे पुरावेही त्यांच्याच हातून नष्ट करवले.

मग उरतं काय? बहुतेकदा इतरांनी लिहिलेलं. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. एका मुलीवर प्रेम करणारी मित्रा मराठी प्रेक्षकांनी पाहिली. धाडसी नाटक, प्रश्नच नाही. पण त्या काळातल्या खऱ्या मित्रा कुठे भेटायच्या, काय बोलायच्या, म्हातारपणी त्यांचं काय झालं? ते नाटक सांगू शकत नाही. ते त्यांनीच सांगायला हवं.

असं स्वतः सांगणं मराठीत झालंय. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला आणि या विषयावर मराठीतून पुस्तकं लिहिली. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन 'मी हिजडा, मी लक्ष्मी' आपल्याकडे आहे. बंगळुरूला 'कामरा' नावाचा संग्रह कागदपत्रं आणि चित्रफिती जपतो.

पण सगळेच पुस्तक लिहीत नाहीत. १६ ऑगस्ट २००८ ला मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानातून क्विअर आझादी मोर्चा निघाला. त्या दिवशीचे फोटो कुणाच्या तरी जुन्या कॉम्प्युटरमध्ये पडून असतील. हिजडा समाजात गुरूकडून चेल्याकडे किती गोष्टी नुसत्या तोंडी जातात! आणि १९९० मध्ये तिशीत असलेली माणसं आता पासष्टीच्या पुढे आहेत. त्यांच्या मागे घर आवरताना नातेवाईक ती पत्रं रद्दीत घालतील. वाईट हेतूनं नाही हो, ती काय आहेत हे माहीतच नसतं म्हणून.

तुमच्या खिशात रेकॉर्डर आहे. ओळखीत असं कुणी ज्येष्ठ असेल तर विचारा, 'काका, मावशी, तुमच्या वेळी कसं होतं?' तारीख, गाव, जागा नोंदवा. जुन्या फोटोंखाली साल लिहा.

फक्त एक लक्षात ठेवा. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, पण घरची भीती एका निकालानं जात नाही. फोटोत एकानं हो म्हटलं, तरी शेजारी उभा असलेला दुसरा आजही घरी काही बोलला नसेल. त्यामुळे आधी विचारा, मगच शेअर करा. नाव नको म्हणाले तर नाव गाळा. 'मी गेल्यावरच उघड' म्हणाले तर तसंच ठेवा.

जपणं आजच करायला हवं. जगाला दाखवायचं कधी, ते त्यांना ठरवू द्या.

भेटूया पुढच्या भागात!