सफरचं डाळिंब

मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपल्याकडे तख्त आणि तलवार. टीका करणारे तेच मोजतात आणि अभिमान बाळगणारेही तेच. बागेचा विषय निघालाच तर ताजमहालाच्या हिरवळीपुढे जात नाही. म्हणून आज एका डाळिंबाची हकिकत सांगतो.

इ.स. ७५० मध्ये अब्बासींनी उमय्यांची सत्ता उलथवली आणि त्या घराण्यातले पुरुष शोधून शोधून मारले. विशीच्या आतबाहेरचा एक राजपुत्र, अब्दुर रहमान, फुरात नदी पोहून निसटला. काही वर्षं उत्तर आफ्रिकेत लपतछपत काढून तो अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये उतरला आणि ७५६ मध्ये कुर्तुब्याचा अमीर झाला. सीरियाची भूमी मात्र त्याला पुन्हा दिसली नाही. कुर्तुब्याबाहेर त्याने वाडा आणि बाग उभारली. तिचं नाव ठेवलं रुसाफा, कारण त्याचे आजोबा खलिफा हिशाम यांचा वाडा सीरियातल्या रुसाफ्याला होता. या बागेसाठी त्याने दूरदूरहून बिया आणि रोपं मागवली.

सीरियात त्याची बहीण राहिली होती. तिला आणायला त्याने माणूस पाठवला. ती आली नाही, पण तिने भेटी पाठवल्या आणि त्यात तिकडची डाळिंबं होती. दरबारात ती मांडली गेली तेव्हा सीरियातून आलेली जुनी मंडळी मायदेशाच्या आठवणी काढत हळहळू लागली. जुन्या अरब लेखकांनी हे सांगितलंय. सतराव्या शतकातल्या अल-मक्करीनेही ही गोष्ट नोंदवली आहे. तपशील इकडेतिकडे होतात, पण गाभा तोच.

त्या मंडळीत सफर इब्न उबैद नावाचा एकजण होता. जॉर्डनच्या फौजेतून आलेल्या लोकांना मालगाच्या बाजूला जमिनी मिळाल्या होत्या, त्यांतला हा. इतर हळहळत बसले आणि सफरने त्यातली थोडी डाळिंबं घरी नेली. आपल्या गावात दाणे पेरले, रोपं जपली, फळ धरेपर्यंत वाट पाहिली. मग ते फळ घेऊन तो अमिराकडे गेला. अमिराने पाहिलं तर हुबेहूब सीरियाचं डाळिंब! त्याने सफरला इनाम दिलं आणि ते झाड रुसाफ्यात लावून घेतलं. तिथून ते अंदलुसभर पसरलं आणि नाव पडलं ‘सफरी’. आपल्या कानाला हा शब्द प्रवासाचा वाटेल. डाळिंबाच्या बाबतीत तोही अर्थ खोटा नाही.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती सफरची परसबाग. शाही बागेच्या आधी ते झाड एका सैनिकाच्या गावात फळलं.

बागायतदार इथे भुवया उंचावतील. डाळिंबाच्या दाण्यातून येणारं झाड आईसारखंच निघेल याचा भरवसा नसतो. म्हणजे सफरला नशिबाने साथ दिली असणार. पण एकदा हवं ते झाड हाती आलं की पुढे फांदी लावून तेच वाण चालवता येतं. फांदीतून आलेलं रोप नवं नसतं, ते त्याच झाडाचं लांबलेलं आयुष्य असतं. अंदलुसमध्ये या विद्येवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. बाराव्या शतकातला सेव्हिलचा इब्न अल-अव्वाम तर कलमांवर सविस्तर लिहितो. आपला ‘कलम’ हा शब्द अरबी-फारसीतूनच आला, लेखणीसाठीही आणि झाडासाठीही. आणि महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या फळांच्या व्यापारात असलेल्या बागवान समाजाचं नाव तर बागेवरूनच पडलेलं.

१४९२ मध्ये ग्रनाडा पडलं. पुढे मुसलमानांना बाटवलं गेलं आणि १६०९ पासून त्यांच्या वंशजांनाही हाकललं गेलं. डाळिंब राहिलं. स्पॅनिशमध्ये ‘साफारी’ नावाची डाळिंबाची जात शब्दकोशात आहे. मोरोक्कोत बेनी मल्लालच्या परिसरातल्या ‘सेफ्री’ डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. हे तेच झाड, असा दावा मी करत नाही. नाव मात्र बाराशे वर्षं टिकलं.

आपल्याकडेही असंच घडलंय. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ मध्ये ‘आळंदी’ वाणाच्या रोपांतून एक मऊ बियांचं झाड निवडलं. तेच पुढे ‘गणेश’ झालं. गणेश आणि ‘गुल-ए-शाह’ यांच्या संकरातून राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘भगवा’ दिला. लालबुंद, टिकाऊ, निर्यातीला चालणारा. शेतकऱ्याने तोच लावला, यात त्याची चूक नाही. बाजार जे मागतो तेच तो पिकवणार. पण आळंदी आणि मस्कत या जुन्या वाणांचं काय? बिया टणक, म्हणून बाजारातून ती गेली. आता ती टिकली तर संशोधन केंद्रांच्या संग्रहात आणि कुणाच्या तरी अंगणात टिकतील. उद्याचा गणेश अशाच एखाद्या झाडातून निघायचा असेल तर आधी ते झाड उभं हवं.

कुणाच्या दारात असं जुनं झाड असेल तर घर पाडण्याआधी, अंगणात फरशी घालण्याआधी एवढं करा. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची साल इंचभर गोल काढा. त्यावर ओलं शेवाळ बांधून प्लास्टिक गुंडाळा. गुटी म्हणतात याला. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. ती तपकिरी होऊ लागली की खालून फांदी कापून पिशवीत लावा आणि काही दिवस सावलीत ठेवा. दोन-तीन गुट्या बांधा, एखादी वाया जातेच.